वीस टन ओला कचरा आणि कुट्टीचा हिशेब: एका कंपोस्ट प्रकल्पाच्या आराखड्याचा अभ्यास

कंपोस्ट प्रकल्पाचा आराखडा चर्चेला येतो तेव्हा त्याच्या पहिल्या पानावर बहुधा एकच आकडा ठळक असतो: रोज किती टन ओला कचरा येणार. या प्रकरणातील आराखड्यातही तो होता आणि तो होता २० टन. जागा, यंत्रे, मनुष्यबळ आणि तयार खताचा अंदाज हे सगळे त्या एका आकड्यावरून काढले होते. आराखडा निष्काळजीपणे केलेला नव्हता. कचऱ्याचे वजन सलग काही आठवडे वजनकाट्यावर मोजले होते, नकाशे नीट होते, यंत्रांची तुलना केलेली होती. तरीही तो जसाच्या तसा उभा राहिला असता तर पहिल्या दोन महिन्यांत बंद पडला असता, असे मला वाटते, आणि त्याची कारणे समजून घेणे हाच या अभ्यासाचा हेतू आहे.

हे प्रकरण नियोजन शिकणाऱ्यांसाठी रचलेले आहे. त्यातील नगर, जागा आणि समिती विशिष्ट नाहीत. हिशेब मात्र कंपोस्टच्या प्रस्थापित गणितावर बेतलेले आहेत आणि ते कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा करून पाहता येतील. तसे ते पाहावेत, अशी विनंती आहे.

परिस्थिती

एका मध्यम आकाराच्या नगरात घरोघरचा ओला कचरा वेगळा गोळा होऊ लागला होता. घरांतील उरलेले अन्न आणि भाजीपाल्याची देठे-साले, उपाहारगृहांच्या व वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांतील उरलेसुरले आणि बाजारातील सडका माल मिळून रोज २० टन होत असे. हा कचरा तोवर भराव क्षेत्रात जात होता. तेथे तो हवेविना कुजून मिथेन वायू तयार करत होता आणि भराव क्षेत्राची मुदतही संपत आली होती. कंपोस्टसाठी अडीच हेक्टर जागा मिळाली. सर्वांत जवळची घरे ३८० मीटरवर, किंचित उताराच्या बाजूला होती.

मूळ आराखडा उघड्यावरील लांबट ढिगांचा, म्हणजे विंड्रो पद्धतीचा होता. ढिगाची उंची दीड मीटर, पायाची रुंदी तीन मीटर, दोन ढिगांमध्ये यंत्र फिरण्यासाठी तीन मीटरची वाट, आठवड्यातून एकदा पलटी आणि छप्पन्न दिवसांत खत. ओल्या कचऱ्याची घनता दर घनमीटरला ६०० किलो धरली, तर २० टनांचे साधारण ३३ घनमीटर होतात. अशा ढिगाचा छेद सुमारे तीन चौरस मीटर येतो, म्हणजे रोज ११ मीटर लांबीचा ढीग, छप्पन्न दिवसांचे ६१६ मीटर आणि वाटेसह सहा मीटर रुंदी धरून सुमारे ३,७०० चौरस मीटरचा फरशीबंद ओटा. आराखड्यात हीच संख्या होती. गणितात चूक नव्हती.

चूक तांत्रिक वर्णनातल्या एका वाक्यात होती: ‘आवश्यकतेनुसार कोरडे साहित्य मिसळावे.’ किती मिसळावे, ते कोठून येईल, कोठे साठवले जाईल आणि त्याने ढिगाचे आकारमान किती वाढेल, याबद्दल संपूर्ण आराखड्यात आणखी एकही ओळ नव्हती.

कोरड्या साहित्याचा हिशेब

अन्नाच्या उरल्यासुरल्यात साधारण तीन चतुर्थांश पाणी असते. २० टनांत १५ टन पाणी आणि पाच टन शुष्क पदार्थ. कंपोस्ट करणारे जीवाणू आणि बुरशा पाण्याच्या पातळ थरात राहतात, म्हणून ओलावा हवाच. परंतु तो ५० ते ६० टक्क्यांच्या वर गेला की कणांमधील पोकळ्या पाण्याने भरतात. ऑक्सिजन हवेतून जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट संथपणे पाण्यातून पसरतो, त्यामुळे पाण्याने भरलेली पोकळी म्हणजे सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने बंद दार. ओले अन्न शिवाय मऊ असते. स्वतःच्या वजनाने दबते, चिखलासारखे होते आणि त्यात पोकळी उरतच नाही. उसळणारे वास, काळे पाणी, माश्या, न तापणारे ढीग या तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, परंतु त्यांचे मूळ बहुतेक वेळा या एकाच गोष्टीत असते.

म्हणून लाकडी, ताठ, दबून न जाणारे साहित्य लागते. फांद्यांची जाडसर कुट्टी हे त्यातले सर्वांत भरवशाचे. वाळलेला पालापाचोळा कोरडा असतो, पण ओला झाला की चिकटून थर धरतो. लाकडाचा भुसा पाणी शोषतो, पण पोकळी देत नाही. कोरडेपणा आणि ताठपणा हे दोन वेगळे गुण आहेत, आणि आराखड्यातील ‘कोरडे साहित्य’ या शब्दांनी त्यांची गल्लत केली होती.

कुट्टीत ३० टक्के ओलावा धरला, तर २० टन कचऱ्यात १० टन कुट्टी मिसळल्यावर एकूण ३० टनांत १८ टन पाणी होते, म्हणजे बरोबर ६० टक्के. याहून कमी कुट्टीत मिश्रण ओलेच राहील. नत्राची बाजूही तपासली. पाच टन शुष्क अन्नात सुमारे २.४ टन कर्ब आणि कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या किती पट कर्ब आहे तो आकडा) १६ धरल्यास ०.१५ टन नत्र असते. सात टन शुष्क कुट्टीत सुमारे ३.५ टन कर्ब आणि गुणोत्तर १०० धरल्यास ०.०३५ टन नत्र. मिश्रणाचे गुणोत्तर ३२ येते. पुस्तकांत दिलेल्या २५ ते ३५ च्या पट्ट्यात ते व्यवस्थित बसते. मात्र लाकडातील बराच कर्ब लिग्निनमध्ये, म्हणजे लाकडाला ताठपणा देणाऱ्या आणि फार सावकाश कुजणाऱ्या द्रव्यात, अडकलेला असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत सूक्ष्मजीवांना मिळत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात उपलब्ध गुणोत्तर याहून बरेच कमी राहते आणि थोडा अमोनिया सुटणारच. कागदावरच्या ३२ वर पूर्ण विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आकारमान पाहा. १० टन कुट्टी, दर घनमीटरला २५० किलोने, ४० घनमीटर होते. कचऱ्याचे ३३ मिळवून ७३ होतात, परंतु मऊ कचरा कुट्टीच्या पोकळ्यांत बसत असल्याने मिश्रण ६० घनमीटरच्या आसपास राहते. घनता दर घनमीटरला ५०० किलो, म्हणजे हवा खेळू शकेल इतकी. त्याच छेदाच्या ढिगाने आता रोज ११ ऐवजी २० मीटर लांबी लागते, छप्पन्न दिवसांत १,१२० मीटर आणि ओट्याचे क्षेत्र ६,७२० चौरस मीटर. मूळ आराखड्यातील ओटा गरजेच्या जेमतेम ५५ टक्के होता. असा प्रकल्प सुरू झाला असता, तर जागा पुरत नाही म्हणून ढीग उंच झाले असते, वाटा बुजल्या असत्या, पलटी लांबली असती आणि कच्चा माल वेळेआधी मुरायला टाकला गेला असता. प्रत्येक टप्प्यावर काम करणारी माणसे जागेच्या दडपणाखाली समंजस वाटणारा निर्णय घेत जातात आणि शेवटी दोष त्यांच्यावर येतो. तो आराखड्याचा दोष असतो.

हे ज्ञान नवे नाही. इंदूरमध्ये १९२४ ते १९३१ या काळात कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतीतील पालापाचोळा, काड्या, शेण आणि माती यांपासून कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिच्या मुळाशीही निरनिराळ्या पोताचे साहित्य थरांत मिसळणे आणि ढीग ठरावीक अंतराने उलटून त्यात हवा खेळती ठेवणे हेच होते. अन्नाचे उरलेसुरले त्या मानाने कितीतरी ओले आणि मऊ आहे, तेव्हा पोताचा विचार येथे अधिकच हवा.

कुट्टी येणार कोठून?

पुनर्विचारासाठी नेमलेल्या समितीत अभियंता, कृषी विषयाचे अध्यापक, आरोग्य विभागाच्या अधिकारी, कचरा वाहतुकीचे मुकादम आणि जवळच्या वस्तीतील एक प्रतिनिधी होत्या. मुकादमांनी पहिल्याच बैठकीत विचारले की रोज १० टन कुट्टी म्हणजे किती गाड्या फांद्या. चाळीस घनमीटर कुट्टी ही मोकळ्या, न कापलेल्या फांद्यांच्या रूपात त्याच्या अनेक पट जागा व्यापते. समितीने उद्याने, रस्त्याकडेची झाडे, वीजवाहिन्यांखालची छाटणी, लाकडी खोकी आणि सुतारकामाचे तुकडे यांची यादी केली. त्यातून रंगवलेले, चिकटवलेले आणि रसायने मारलेले लाकूड वगळले. त्यातील विषारी द्रव्ये खतात उतरतात, म्हणून येथे तडजोड नको. जे उरले त्यातून वर्षभर खात्रीने मिळेल असा आकडा रोज सरासरी २.४ टन निघाला.

गरज १० ची आणि हाती २.४ टन. येथे बैठकीत बराच वेळ शांतता होती, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो, कारण याच क्षणी नियोजनाचा खरा विषय सुरू होतो.

एक मार्ग होता. कंपोस्ट तयार झाल्यावर ते चाळले जाते, आणि चाळणीवर न कुजलेल्या काड्यांची जाडी भरड उरते. ती पुन्हा ओल्या कचऱ्यात मिसळता येते. साधारण ६० टक्के कुट्टी अशी फिरून येते असे धरले, तर १० टनांपैकी सहा टन भरड आणि चार टन ताजी कुट्टी लागेल. ताजी कुट्टी २.४ टनच असेल, तर त्या प्रमाणात प्रकल्पाची क्षमता २० नव्हे, १२ टन ठरते. भरड परत आणण्याची किंमतही मोजावी लागते. ती कोरडी नसते. तिच्यात ४५ टक्के ओलावा धरला, तर मिश्रणाचा एकूण ओलावा ६० वरून ६३ टक्क्यांवर जातो. शिवाय चाळणीवर अडकलेले प्लॅस्टिकचे कपटे तिच्यासोबत परत येतात आणि प्रत्येक फेरीत साचत जातात. त्यामुळे हलके कपटे वाऱ्याच्या झोताने वेगळे करण्याची सोय भरडीच्या वाटेवर असायलाच हवी.

आणखी एक बारकावा मूळ आराखडा करणाऱ्यांनाच नव्हे, समितीलाही उशिरा लक्षात आला. पहिल्या दिवशी भरड नसते. चाळायला तयार माल येईपर्यंत सारी कुट्टी ताजीच लागते, म्हणजे दर टन कचऱ्याला अर्धा टन. २.४ टनांत रोज जेमतेम पाच टन कचरा सामावतो. म्हणून प्रकल्प पाच टनांनी सुरू करायचा, भरडीचा साठा तयार होईल तसतसा तो १२ टनांपर्यंत न्यायचा आणि कुट्टीचे नवे स्रोत लेखी करारांनी बांधले गेल्यावरच २० चा विचार करायचा, असे ठरले. उरलेल्या कचऱ्याचा प्रश्न त्यामुळे राहिलाच. त्याकडे पुढे येतो.

वास

वस्तीच्या प्रतिनिधींनी मूळ आराखड्यातील वाऱ्याचा आलेख पाहून सांगितले की दिवसा वारा त्यांच्याकडून प्रकल्पाकडे वाहतो हे खरे आहे, पण संध्याकाळी तो पडतो आणि थंड हवा उतारावरून खाली, वस्तीकडे सरकते. आलेख वार्षिक सरासरीचा होता. सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते, वरच्या हवेत मिसळत नाही आणि पाण्यासारखी उताराने वाहते. अशा वेळी वास विरळ न होता थराने पसरतो. नियोजनातला सर्वांत महत्त्वाचा हवामानशास्त्रीय मुद्दा तेथे राहणाऱ्या बाईंकडून आला, आणि तो आराखड्यात नोंदवताना समितीने त्यांच्या निरीक्षणाचाच आधार दिला. दोन आठवडे संध्याकाळी आणि पहाटे साधा धूर सोडून तो कोणत्या दिशेने जातो हे पाहण्यात आले. तो वस्तीकडेच जात होता.

अन्नाचा कचरा येतो तेव्हाच तो आंबलेला असतो. त्याचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) चार ते पाचच्या दरम्यान असतो, कारण त्यात लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्ले तयार झालेली असतात. ढीग तापू लागला आणि सामू मात्र खालीच राहिला, तर आम्लाच्या स्थितीत काम करणारे सूक्ष्मजीव उष्णतेने दबतात आणि उष्णतेत काम करणाऱ्यांना आम्ल सोसत नाही. प्रक्रिया अडकते आणि नेमके याच काळात सर्वाधिक वास सुटतो. स्वीडनमधील संशोधनाने हे स्पष्ट दाखवले आहे की सुरुवातीला भरपूर हवा देऊन तापमान ४० अंशांच्या खाली ठेवले, तर आम्ले लवकर संपतात, सामू चढतो आणि मग ढीग सुरळीत तापतो. मिश्रणात थोडे पक्व कंपोस्ट घातल्यानेही हा टप्पा आटोपशीर होतो.

उघड्या ढिगात असे नियंत्रण शक्य नाही. पलटी मारल्याने हवा मिळते हा समज अर्धाच खरा आहे. पलटीने आत गेलेला ऑक्सिजन जोरात चाललेल्या ढिगात फार थोड्या वेळात संपतो. पलटीचा खरा फायदा मिश्रण एकजीव होण्यात आणि दबलेल्या पोकळ्या पुन्हा मोकळ्या होण्यात आहे. पण त्याच वेळी ढिगातला साचलेला वास एकदम बाहेर पडतो, आणि तो सर्वांत तीव्र पहिल्या दोन आठवड्यांत असतो. म्हणजे वस्तीजवळच्या जागेत ज्या काळात ढीग अजिबात हलवू नये, त्याच काळात मूळ आराखडा त्याला दर आठवड्याला पलटी देणार होता.

समितीने पहिल्या अठ्ठावीस दिवसांसाठी पंख्याने हवा दिलेल्या स्थिर ढिगांची पद्धत निवडली. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथील कृषी खात्याच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात ती सांडपाण्याच्या गाळासाठी विकसित झाली. गाळ आणि लाकडाची कुट्टी यांच्या ढिगाखाली छिद्रांच्या नळ्या टाकून पंख्याने हवा ओढली जाई आणि ती तयार कंपोस्टच्या छोट्या ढिगातून बाहेर सोडून वास शोषला जाई. अन्नाच्या कचऱ्यालाही हेच तत्त्व लागू पडते. रोजच्या ६० घनमीटर मिश्रणाचे अठ्ठावीस दिवसांत १,६८० घनमीटर होतात. अडीच मीटर उंचीवर त्यांना ६७२ चौरस मीटर पाया पुरतो. भिंती, लोडर फिरण्याची जागा आणि मिश्रणाचा ओटा धरून तिप्पट जागा लागली, तरी ती उघड्या ढिगांच्या मानाने पुष्कळच कमी आहे. वीज मात्र लागते, आणि पंखे बंद पडले तर काही तासांत ढीग गुदमरतो. म्हणून पर्यायी विजेची सोय करावी लागली. पंख्यांची क्षमता केवळ ऑक्सिजनच्या गरजेवर काढू नये. ढिगातील उष्णता बाहेर नेण्यासाठी त्याहून कितीतरी पटीने जास्त हवा लागते.

कचरा उतरवण्याचे दालन बंदिस्त केले. २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि सात मीटर उंच दालनाची २,१०० घनमीटर हवा तासातून चार वेळा बदलायची, तर ताशी ८,४०० घनमीटर हवा बायोफिल्टरमधून, म्हणजे ज्यातले जीवाणू वासाची द्रव्ये मोडतात अशा ओलसर लाकडी थरातून, न्यावी लागते. हवा माध्यमात एक मिनिट राहावी असे धरल्यास १४० घनमीटर लाकडी माध्यम, म्हणजे १.२ मीटर खोलीवर सुमारे ११७ चौरस मीटर लागते. ढिगांतून ओढलेली हवा बायोफिल्टरवर सोडायची असेल, तर तिचा हिशेब वेगळा मिळवावा लागतो. हे माध्यम ओलसर राहिले तरच त्यातले जीवाणू जगतात. सुकलेला बायोफिल्टर दिसायला चांगला दिसतो आणि काहीच करत नाही. म्हणून त्याच्या ओलाव्याची रोज नोंद करण्याचे काम एका माणसाच्या नावावर टाकले.

कंपोस्टच्या हवेत ॲस्परजिलस फ्युमिगेटससारख्या बुरशीचे बीजाणूही असतात. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २५० मीटरच्या आत घरे किंवा कामाच्या जागा असल्यास धोक्याचे विशेष मूल्यमापन मागण्याची पद्धत ठेवली आहे. येथील ३८० मीटर त्याबाहेर असले, तरी ढीग पालटणे, चाळणे आणि भरणे ही धूळ उडवणारी कामे सकाळी उशिरा ते दुपारपर्यंतच करायची, पहाटे आणि संध्याकाळी नाही, असे कार्यपद्धतीत लिहिले.

रोगजंतूंच्या नाशासाठी अमेरिकेच्या १९९३ च्या गाळविषयक नियमांतील निकष सर्वत्र संदर्भ म्हणून वापरले जातात: हवा दिलेल्या स्थिर ढिगात ५५ अंश सेल्सियस सलग तीन दिवस, विंड्रोमध्ये तेच तापमान पंधरा दिवस आणि त्या काळात किमान पाच पलट्या. मूळ आराखड्यातील आठवड्याला एक पलटी या निकषात बसतच नव्हती. समितीने ढिगाच्या पायथ्याशी आणि कडांवरही तापमान मोजण्याचे ठरवले, कारण मधला भाग नेहमीच तापलेला असतो.

तपासून बाजूला ठेवलेले पर्याय

कुणी विचारले की बायोगॅस का नको. प्रश्न योग्य होता. ओल्या, मऊ आणि लाकूड नसलेल्या कचऱ्याला बंद टाकीतील पचन अनुकूल असते, कुट्टी लागत नाही आणि इंधन मिळते. परंतु टाकीतून बाहेर पडणारा पाणीदार अवशेष कोठे न्यायचा हे ठरलेले नव्हते. तो कंपोस्ट करायचा तर पुन्हा कुट्टी आलीच. भेसळीबाबत टाकी कंपोस्टपेक्षा अधिक नाजूक असते आणि ती बिघडल्यावर सावरायला आठवडे लागतात. समितीने हा पर्याय नाकारला नाही. १२ टनांच्या वरच्या कचऱ्यासाठी तो पुढच्या टप्प्यात तपासायचा असे ठरवले. मला हा निर्णय पटतो, फक्त त्यासाठी जागा आजच राखून ठेवायला हवी.

दुसरा पर्याय लहान, विखुरलेल्या केंद्रांचा. वसतिगृहे, मोठी उद्याने आणि शाळा यांच्या आवारात रोज काही शे किलो कचरा जिरवला, तर वाहतूक वाचते आणि कुट्टी जेथे तयार होते तेथेच वापरली जाते. उरलेल्या आठ टनांपैकी काही भाग असा वळवता येईल. पण प्रत्येक केंद्राला जाणता माणूस लागतो, आणि तो नेमल्याशिवाय केंद्र मोजू नये, ही अट समितीने घातली.

भेसळ

२० टनांत पाच टक्के भेसळ म्हणजे रोज एक टन प्लॅस्टिक, काच, धातू. काच फुटली की ती खतातून निघत नाही; पातळ प्लॅस्टिक यंत्रात फाटले की त्याचे शेकडो कपटे होतात. म्हणून कचरा आधी बारीक करून मग निवडणे हा क्रम चुकीचा आहे. पिशव्या आधी फोडायच्या, हाताने निवडायचे आणि त्यानंतरच मिसळायचे. त्याहून महत्त्वाचे, गाडी उतरवण्यापूर्वी पाहणी करून ती परत पाठवण्याचा अधिकार प्रकल्पावरील माणसाला असला पाहिजे. मूळ आराखड्यात हा अधिकार कोणालाच नव्हता. मुकादमांचा आग्रह असा की परत पाठवलेल्या गाडीची माहिती त्याच दिवशी त्या गल्लीत पोहोचावी. निवडण्याचे काम करणाऱ्यांसाठी हातमोजे, मुखपट्ट्या, धुण्याची सोय आणि नियमित आरोग्य तपासणी यांची तरतूद आराखड्याच्या मुख्य भागात घेतली, परिशिष्टात नाही.

डोळ्यांना न दिसणारी भेसळही असते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन येथे १९९९-२००० च्या सुमारास कंपोस्ट घातलेल्या बागांतील टोमॅटोची पाने वाकडी होऊ लागली. हिरवळीवर फवारलेले क्लोपायरॅलिड हे तणनाशक कापलेल्या गवतातून कंपोस्टमध्ये आले होते आणि ते प्रक्रियेत मोडले नव्हते. २००२ मध्ये त्या राज्याने हिरवळीवरील त्याच्या वापरावर निर्बंध आणले. म्हणून येथे गवत घ्यायचे झाल्यास फवारणीची माहिती विचारायची आणि तयार खताच्या प्रत्येक खेपेत घेवडा किंवा वाटाण्याची रोपे वाढवून पाहायची, ही सोपी चाचणी ठरवली.

पाणी

पाण्याबाबत थोडक्यात. ६,७२० चौरस मीटरच्या उघड्या ओट्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ३३६ घनमीटर घाण पाणी एका दिवसात गोळा होते. सक्रिय ढिगांवर छप्पर घातल्यावर हा भार मुरवणीच्या, म्हणजे तापण्याचा टप्पा संपलेला माल पक्व होण्यासाठी ठेवण्याच्या, ओट्यापुरता उरला. छपराचे स्वच्छ पाणी वेगळ्या गटाराने न्यायचे, ओट्याला दोन टक्के उतार द्यायचा आणि ढीग उताराच्या दिशेने लावायचे, आडवे नाही, म्हणजे त्यांच्यामागे पाणी तुंबत नाही. निथळलेले काळे पाणी ताज्या मिश्रणावर फवारता येते, पण उष्णतेचा टप्पा पार केलेल्या मालावर कधीही नाही. नाहीतर उष्णतेने नाहीसे केलेले रोगजंतू आपणच त्यात परत पेरून बसतो.

तयार खत

१२ नव्हे, पूर्ण २० टनांचा हिशेब धरला तरी बाहेर पडणारे खत रोज सात टनांच्या आसपास, म्हणजे १२ घनमीटर येते. बाकी सारे वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जाते. खताची मागणी लागवडीच्या हंगामापूर्वी एकवटते, त्यामुळे पाच महिन्यांचे १,८०० घनमीटर साठवण्याची कोरडी जागा लागते. मूळ आराखड्यात ती शून्य होती. अन्नातील मीठ खतात उतरते, म्हणून मिठाचे प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता मोजून ते रोपवाटिकेला द्यायचे की शेतजमिनीला हे ठरवावे लागेल. कच्चे खत विकण्याचा मोह जागेच्या टंचाईतून येतो. ते जमिनीतला नत्र खेचून घेते, रोपे पिवळी पडतात, आणि एकदा असे झालेला शेतकरी पुन्हा येत नाही. साठ दिवसांची मुरवण कमी करायची नाही, हे समितीने ठरावातच लिहिले.

अंतिम निर्णय

सुधारित आराखड्याच्या पहिल्या पानावर तीन आकडे एकाखाली एक आले: खात्रीची ताजी कुट्टी २.४ टन, पहिल्या टप्प्याची क्षमता ५ टन, दुसऱ्या टप्प्याची १२ टन. पहिली गाडी येण्यापूर्वी तीन महिने कुट्टी गोळा करायची; ती २१६ टन, म्हणजे सुमारे ८६० घनमीटर होईल. ती कमी उंचीच्या वेगवेगळ्या ढिगांत, मध्ये अंतर राखून ठेवायची, कारण मोठ्या ढिगात कुट्टी आपोआप तापून पेट घेऊ शकते.

सर्वांत अधिक वाद एका अटीवर झाला. कुट्टीचा साठा सात दिवसांच्या गरजेखाली गेला की त्याच दिवसापासून ओल्या कचऱ्याच्या निम्म्या गाड्या दुसरीकडे वळवायच्या, असे वस्तीच्या प्रतिनिधींनी सुचवले. गोळा केलेला कचरा परत भराव क्षेत्रात नेणे लोकांना कसे सांगायचे, असा मुकादमांचा सवाल होता आणि तो रास्त होता. दोन बैठकांनंतर अट मान्य झाली. गाड्या वळवण्याच्या आदेशावर सही करण्याचा अधिकार प्रकल्पावरील पर्यवेक्षकाला दिला, कार्यालयातील कोणाला नाही, आणि कुट्टीच्या साठ्याची रोजची नोंद प्रकल्पाच्या फाटकावरील फळ्यावर, वस्तीतल्या कोणालाही वाचता येईल अशी, लिहायची ठरली.